पाच बोटांचे सोने : ‘खम्सा’ आणि त्याचे सोनार

अलंकार अंगावर घालण्यामागे सौंदर्याची हौस असते, तशीच संपत्ती गाठीशी ठेवण्याची दूरदृष्टीही असते. परंतु या दोहोंच्या जोडीला आणखी एक कारण असते, आणि ते म्हणजे भय. आपल्या घरांतील जुने डाग आठवावेत. तान्ह्या मुलाच्या गळ्यात सोन्यात मढविलेले वाघनख, हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या, दंडावर ताईत, दोऱ्यात ओवलेला बजरबट्टू. यांपैकी एकही वस्तू निव्वळ शोभेसाठी घडविलेली नाही. कोणाची तरी वाईट नजर लेकराकडे वळेल, ती वाटेतच अडवावी, हा त्यांचा हेतू. आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या सुवर्णकारीवर जगलेला असल्यामुळे असल्या वस्तू घडविणाऱ्याची बाजूही आपणांस ठाऊक आहे. घालणाऱ्याचे मन भयाने व्यापलेले असते. घडविणाऱ्याचे लक्ष कसावर, वजनावर आणि घडणावळीवर असते.

या दोन्ही बाजूंचा एक फार बोलका इतिहास उत्तर आफ्रिकेत घडलेला आहे. मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशिया या देशांत उघड्या पंजाच्या आकाराचा सोन्याचा अथवा चांदीचा डाग कित्येक पिढ्या स्त्रियांच्या गळ्यात आणि मुलांच्या टोपड्यांवर मिरवत आला. अलीकडे तो जगभरच्या बाजारांत पोहोचला असून मुंबई-पुण्याच्या पेढ्यांवर आणि आपल्याच कन्यांच्या गळ्यांतही दिसू लागला आहे. गळ्यात जे घालावयाचे त्याची पूर्वपीठिका ठाऊक असावी, एवढ्याच हेतूने हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम नावाविषयी. या डागाचे मूळ नाव ‘खम्सा’. अरबी भाषेत खम्सा म्हणजे पाच. हिब्रू भाषेत पाचाला ‘हामेश’ म्हणतात. दोन्ही भाषा एकाच सेमिटिक कुळातल्या, तेव्हा हे साम्य साहजिक आहे. घशातून उच्चारावयाचा अरबी ‘ख’ युरोपीय लोकांच्या जिभेला पेलत नाही, म्हणून त्यांच्या तोंडी ‘हम्सा’ झाले, आणि तेथून आपल्याकडील पाट्यांवर चक्क ‘हंसा’! एका विक्रेत्याने तर या पंजाचे नाते सरस्वतीच्या वाहनाशी जोडून मला ऐकविले. विक्रेत्याच्या कल्पकतेला दाद द्यावी. परंतु हंस पक्ष्याचा या हाताशी काडीइतकाही संबंध नाही. पाच म्हणून खम्सा, आणि हाताची बोटे पाच म्हणून हात, असा हा सरळ हिशेब आहे.

मात्र या पाच आकड्याला त्या मुलुखात जी धार आहे ती आपल्या पंचामृतातील वा पंचांगातील पाचाला नाही. कोणी मुलाची अथवा जनावराची अति स्तुती करू लागला, की ऐकणारा उजव्या हाताची पाची बोटे त्याच्या दिशेने पसरून म्हणे, ‘खम्सा फी ऐनेक’, म्हणजे ‘तुझ्या डोळ्यात पाच’. बोटे डोळ्यात खुपसण्याची ती खूण. साहजिकच, समोरच्या माणसाच्या तोंडावर पाच हा आकडा उच्चारणे अनेक ठिकाणी असभ्य गणले जाई. पाच म्हणण्याऐवजी ‘तुझ्या हाताच्या बोटांइतके’ अशा वळणाने बोलत. अरबी वारांच्या नावांत गुरुवार हा पाचवा, म्हणून त्याचे नाव ‘अल्‌-खमीस’. तेव्हा गुरुवारचे नाव घेतले तरी नजर उतरते असे मानणारेही होते. एडवर्ड वेस्टरमार्क या फिनलंडच्या विद्वानाने मोरोक्कोत दीर्घकाळ राहून असल्या समजुती टिपल्या आणि १९२६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकणाऱ्या आजीबाईंना त्या वाचून दाखविल्या असत्या, तर त्यांना त्यांत परके असे थोडेच वाटले असते.

हाताची ही खूण किती जुनी आहे? ट्युनिस शहराजवळ प्राचीन कार्थेजचे अवशेष आहेत. रोमनांनी इ. स. पूर्व १४६ मध्ये ते नगर उद्ध्वस्त केले. तेथे तानित देवी आणि बाल हम्मोन देव यांना वाहिलेल्या शिला मोठ्या संख्येने सापडल्या असून त्यांपैकी अनेकींवर वर उचललेला उजवा हात कोरलेला आहे. त्याहूनही आधीचा एक हात पॅलेस्टाइनमध्ये हेब्रोनजवळ खिरबेत-एल-कोम या ठिकाणच्या थडग्यात, इ. स. पूर्व आठव्या शतकातील एका लेखाच्या खाली कोरलेला आढळला. त्याची बोटे खाली वळलेली आहेत. यावरून काही लेखक कार्थेजच्या देवीपासून आजच्या पदकापर्यंत एक अखंड रेषा ओढून मोकळे होतात. मला ते घाईचे वाटते. आपल्या महाराष्ट्रात गावोगावी सतीशिळा आहेत. त्यांवर कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला, पंजा उघडलेला स्त्रीचा हात असतो. तो हात आणि कार्थेजचा हात शेजारी ठेवले तर सहज साम्य दिसेल. पण एक दुसऱ्यापासून आला असे कोणी म्हणणार नाही. थांबविण्यासाठी आणि अभय देण्यासाठी हात वर करणे हे मनुष्यमात्राला सुचते. उत्तर आफ्रिकेच्या भूमीवर ही खूण अरबांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके परिचित होती, एवढेच निश्चितपणे म्हणावे.

पुढे जे जे धर्म त्या भूमीवर नांदले त्यांनी त्या हाताला आपापली नावे दिली. मुसलमानांनी त्यात पैगंबर महंमद यांची कन्या फातिमा हिचा हात पाहिला. ज्यूंनी मोशे व अहरोन यांची बहीण मिर्याम हिचा. ‘फातिमाचा हात’ हे नाव आज सर्वतोमुखी आहे, त्याला फ्रेंच राजवटीत त्या भाषेतून मिळालेली प्रसिद्धी पुष्कळ अंशी कारण आहे. देशी लोकांच्या तोंडी मात्र खम्सा हाच साधा शब्द राहिला. शिया पंथीयांच्या दृष्टीने पाच बोटे म्हणजे पैगंबर, फातिमा, अली, हसन व हुसेन ही पाच पवित्र नावे. मोहरमच्या मिरवणुकीत आपल्याकडे जे पंजे निघतात त्यांचा अर्थही हाच सांगतात. माझ्या लहानपणी आमच्या आळीत मोहरमच्या आधी चांदीचा पंजा उजळण्यासाठी येत असे, आणि तो हाती घेण्यापूर्वी घरातील वडीलधारी माणसे हातपाय धुऊन बसत. तथापि मिरवणुकीचा पंजा आणि गळ्यातला खम्सा यांत गल्लत करू नये. पहिला सर्वांनी दर्शन घ्यावयाचे निशाण आहे, दुसरा एकेका जीवाच्या रक्षणाचा ताईत. आणि उत्तर आफ्रिकेतील बहुसंख्य मुसलमान सुन्नी असल्यामुळे तेथील पंजाला करबल्याच्या शोकाची छटा नाही.

धर्माधिकाऱ्यांना असले ताईत फारसे रुचत नसत. रक्षण करणारा परमेश्वर एक, मग धातूचा तुकडा कशाला, हा आक्षेप मुसलमान पंडितही घेत आणि ज्यू पंडितही. परंतु स्त्रियांनी तो मनावर घेतला नाही, आणि राजांनीही नाही. स्पेनमधील ग्रॅनाडा येथे अलहंब्रा राजवाड्याचा ‘न्यायद्वार’ नावाचा भव्य दरवाजा आहे. सुलतान पहिला यूसुफ याने तो १३४८ साली पूर्ण केला. त्याच्या बाहेरच्या कमानीच्या माथ्यावरील दगडात एक उघडा हात कोरलेला आजही दिसतो. ग्रॅनाडाचे राज्य १४९२ मध्ये ख्रिस्ती राजांच्या हाती गेले. त्यानंतर बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या अंगावरही हा हात राहिलाच. तेव्हा सम्राट पाचवा चार्ल्स याने १५२६ साली बोलाविलेल्या धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाने उघड्या हाताचे ताईत घालण्यावर बंदी घातली. राजसत्तेला बंदी घालावीशी वाटली, यावरूनच तो किती अंगांवर होता हे कळते.

येथून आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग सुरू होतो. १४९२ च्याच ३१ मार्च रोजी स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशत्याग करण्याचे फर्मान काढले. त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे सामुद्रधुनी ओलांडून मोरोक्कोत फेज, तेतुआन इत्यादी नगरांत आली. त्यांत कसबी कारागीर होते. मोरोक्कोत ज्यूंची वस्ती तत्पूर्वी शतकानुशतके होतीच. आता जुन्या रहिवाशांच्या हातोटीत स्पेनहून आलेल्यांचे कसब मिसळले. फेजमध्ये ज्यूंसाठी राजवाड्यालगत स्वतंत्र कोट असलेली पेठ १४३८ साली वसविण्यात आली होती. तिला ‘मेल्लाह’ म्हणत. पुढे इतर शहरांतील ज्यू पेठांनाही हेच नाव पडले. त्या पेठांच्या अरुंद गल्ल्यांतून मूस, फुंकणी आणि हातोडी यांचा उद्योग चाले. फेजचे ज्यू सोन्याची जर काढण्यातही निष्णात होते.

सोनारकाम ज्यूंच्याच हाती का गेले? इस्लामी धर्मशास्त्रानुसार सोन्याच्या बदल्यात सोने द्यावयाचे तर ते समान वजनाचे आणि हातोहात दिले पाहिजे. अधिक घेतले तर ते व्याजासारखे निषिद्ध. आता गिऱ्हाईक दोन तोळे जुने सोने आणून तेवढ्याच वजनाचा नवा डाग नेऊ लागले, तर वर घ्यावयाच्या घडणावळीचे काय, ही शंका भाविक मुसलमान कारागिराला टोचणारच. त्यातून पुरुषाने सोने अंगावर घालू नये हा दंडक. असल्या कारणांनी अनेक शहरांत हा धंदा ज्यूंकडे राहिला. याला अपवाद होते. अल्जीरियातील कबिलिया डोंगरात चांदीवर मीनाकाम करणारे मुसलमान कारागीर फार नावाजलेले होते. परंतु खेड्यापाड्यांतील बर्बर स्त्रियांचा ओढा चांदीकडे असे, आणि सोने ही शहरी घराण्यांची चीज होती. म्हणून सोन्याचा खम्सा म्हटला की बहुधा ज्यू सोनाराचा हात आणि शहरातील मुसलमान अथवा ज्यू वधूचा गळा, असेच चित्र समोर येते. अरबीत सोनाराला ‘साइग’ म्हणतात. त्यावरून पडलेली आडनावे त्या लोकांत अद्याप आहेत, जशी आपल्यांत सोनार आणि पोतदार.

एका धर्माच्या माणसाने दुसऱ्या धर्मातील स्त्रीच्या रक्षणाचे चिन्ह घडवावे, यात त्या दोघांना काही वावगे वाटत नसे. आपल्या पेढ्यांवर जे सर्व जातीधर्मांच्या स्त्रियांचे डाग घडत आले, त्यांनाही ते वाटू नये. फरक असे तो कोरीव अक्षरांचा. मुसलमान घरासाठी घडविलेल्या हातावर अल्लाचे नाव वा कुराणातील वचन. ज्यू घरासाठी घडविलेल्यावर हिब्रू वर्णमालेतील पाचवे अक्षर ‘हे’, ज्याचे अंकमूल्यही पाचच आहे, किंवा ईश्वराचे ‘शद्दाय’ हे नाम. कोरणारी सळई एकच. पुष्कळ डागांवर तर अक्षर मुळीच नसते, आणि मग तो कोणत्या घरचा हे सांगता येत नाही.

आता घडणीकडे वळू. खम्साचा हात सहसा हुबेहूब माणसाच्या हातासारखा नसतो. मधली तीन बोटे सरळ आणि दोन्ही बाजूंना बाहेर वळलेले दोन सारखे अंगठे, अशी त्याची मांडणी फार आढळते. त्यामुळे हात उजवा की डावा हा प्रश्नच उरत नाही. कधी बोटे वर, कधी खाली. काही डागांत हात इतका सांकेतिक होतो की पाच ठिपके किंवा पाच टोकांची पाकळी एवढेच उरते. जाणत्यालाच त्यात हात दिसतो. ट्युनिशियात हाताला मासा जोडतात. माशाविषयी ज्यूंच्या तालमुद ग्रंथात सांगितले आहे की तो पाण्याखाली झाकलेला असतो, म्हणून त्याला दृष्ट लागत नाही. नजरेची शंका आली असता उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत आणि डाव्याचा उजव्या मुठीत धरावा, असा उपायही त्याच ग्रंथात आहे. हात आणि नजर यांचे नाते त्या समाजात किती मुरलेले होते, याची ही साक्ष.

कारागिरीचे प्रकार आपल्या मंडळींना सांगावयास नकोत, तरी नव्या पिढीतील जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एक प्रकार जाळीकामाचा. सोन्याचा पत्रा ठोकून पातळ करावयाचा, त्यावर वेलबुट्टी आखावयाची आणि मधला भाग बारीक करवतीने वा छिन्नीने काढून टाकावयाचा. दुसरा तारकामाचा. जंत्रीच्या एकाहून एक लहान भोकांतून तार ओढीत केसासारखी बारीक करावयाची, दोन तारा पिळून दोरी वळावयाची, तिच्या वेटोळ्यांनी बोटांची चौकट भरावयाची आणि सर्व सांधे एकाच आचेत झाळून घ्यावयाचे. आच किंचित वाढली तर आठ दिवसांचे काम क्षणात गोळा होते! तिसरे रवाकाम. तारेचे इवलेसे तुकडे कोळशाच्या भुकटीत घालून तापविले की प्रत्येक तुकडा वितळून आपोआप गोल होतो. ते रवे एकेक उचलून जागी बसवावयाचे. फेजकडच्या उंची डागांत माणिक, पाचू आणि बारीक मोती जडवीत आणि कित्येकदा मागच्या बाजूला मीनाकाम करीत. मागची बाजू अंगाला लागते, ती कोणाला दिसत नाही. तरी ती सजवावयाची! आपल्या जयपुरी कामाची ज्यांना माहिती आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

हा डाग कोणाकोणाच्या अंगावर असे? नवजात बालकाच्या टोपीला, सुंता व्हावयाच्या मुलाच्या कपड्याला, गरोदर स्त्रीच्या आणि विशेषतः नववधूच्या गळ्यात. ज्यांच्याकडे चार डोळे कौतुकाने वळावेत, आणि म्हणूनच ज्यांना हेवा बाधण्याची भीती, अशी ही सारी माणसे. विवाहात मिळालेले सोने ही पत्नीची स्वतःची मत्ता समजत. आपल्या स्त्रीधनाशी त्याचे साम्य उघड आहे. अडचणीच्या वर्षी प्रथम तेच मोडीत निघे. शिवाय नातीच्या लग्नात आजीचा डाग आटवून नव्या चालीचा करावयाचा, ही हौस तेथेही होतीच. परिणाम असा की सोन्याचे फार जुने खम्से आज क्वचित दिसतात. संग्रहालयांतून जे दिसतात ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातील व विसाव्याच्या पूर्वार्धातील आहेत. चांदीला मोड कमी येते म्हणून ती टिकली. सोने मौल्यवान म्हणूनच नाहीसे झाले. सोनाराच्या कलेची ही जुनी शोकांतिका आहे. शिल्पकाराचा दगड कोणी वितळवीत नाही.

फ्रेंचांनी अल्जीरिया १८३० मध्ये घेण्यास आरंभ केला, ट्युनिशिया १८८१ मध्ये व मोरोक्को १९१२ मध्ये त्यांच्या संरक्षणाखाली गेला. त्यांच्याबरोबर सरकारी कसाचे शिक्के आले. खुद्द फ्रान्समध्ये १८३८ पासून १८ कॅरट सोन्यावर गरुडाच्या मस्तकाचा सूक्ष्म ठसा मारीत. असा ठसा असलेले तारकामाचे छोटे पंजे जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही विकावयास येतात. ते फ्रेंच गिऱ्हाइकाच्या आवडीने घडलेले, साखळीत अडकविण्याजोगे हलके डाग होत. ताईताचे आठवणवस्तूत रूपांतर तेव्हापासून सुरू झाले. याच काळात काही फ्रेंच अभ्यासकांनी या कलेची नोंद केली, हे मात्र त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पॉल युडेल याने अल्जीरिया व ट्युनिशिया येथील सोनारकामावर १९०२ साली ग्रंथ लिहिला. झाँ बझाँसनो या चित्रकाराने १९३० नंतरच्या दशकात मोरोक्कोभर हिंडून वेष व अलंकार रेखाटले, छायाचित्रे घेतली आणि तेथील दागिन्यांवरचा त्याचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. तो निघाला तेव्हा ज्या हातांचे ते काम होते ते हात देश सोडू लागले होते.

१९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली, युद्ध झाले, आणि अरब देशांतील ज्यूंचे जिणे अवघड होत गेले. कोणी भयाने गेले, कोणी धर्मश्रद्धेने, कोणी दारिद्र्यामुळे. मोरोक्कोत त्या सुमारास सुमारे अडीच लक्ष ज्यू होते. आज ते दोन-अडीच हजारांच्या आसपास उरले आहेत. ट्युनिशियातील सुमारे एक लक्षांपैकी आज दीड हजारही नाहीत. अल्जीरियाच्या ज्यूंना फ्रान्सने १८७० मध्येच नागरिकत्व दिलेले होते. १९६२ मध्ये तो देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी जवळजवळ एकजात फ्रान्सची वाट धरली. १९६७ च्या युद्धानंतर उरलेसुरलेही बहुसंख्येने निघाले. येमेनमध्ये चांदीकाम ज्यूंकडे होते. तेथून १९४९-५० मध्ये सुमारे ४९ हजार ज्यू विमानांनी इस्राएलला नेण्यात आले. त्या वेळी तेथील इमामाने, जाण्यापूर्वी आपला हुन्नर येथील मुसलमानांना शिकवून जा, अशी अट घातली होती असे सांगतात. राज्यकर्त्याला कारागिराची किंमत तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना कळली, असे यावर म्हणावेसे वाटते.

परंतु हुन्नर म्हणजे पाठ करून देण्याचा धडा नव्हे. मी आयुष्यभर मुलांना धडे शिकविले, म्हणून हे थोड्या अधिकाराने म्हणतो. आच किती झाली हे सोन्याच्या रंगावरून ओळखणे, तार तुटण्यापूर्वी बोटांना कळणे, या गोष्टी बापाच्या शेजारी दहा वर्षे बसून अंगी येतात. फेजच्या सोनाराचा मुलगा नव्या देशात गेला, तेथे कारखान्यात वा लष्करात भरती झाला, आणि साखळी तुटली. ज्या नव्या समाजात ही कुटुंबे गेली तेथे प्रारंभीच्या काळात हे ताईत मागासलेपणाची खूण समजले जात. कित्येकांनी ते पेटीच्या तळाशी टाकले. पुढच्या पिढ्यांना त्यांचा अभिमान वाटू लागला, तोवर घडविणारे म्हातारे झाले होते.

हे वाचताना आपल्या वडील पिढीस जानेवारी १९६३ आठवेल. सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली, आणि ज्यांचा सारा कसब २२ कॅरटच्या मऊपणावर उभा होता त्यांच्या भट्ट्या विझल्या. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली. पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. आपणांस देशत्याग करावा लागला नाही, ही फार मोठी गोष्ट, आणि त्या लोकांच्या दुःखाशी आपल्या अडचणीची तुलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु सोनाराचा मुलगा ऐरणीवरून उठून कचेरीत गेला आणि परत आला नाही, हे आपल्या किती घरांत घडले याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या वंशावळीवरून करावा. प्रस्तुत लेखकाच्या घरातही तेच घडले. वडिलांची ऐरण आहे, ती फिरविणारा हात नाही.

तिकडे हात गेले, पण हाताचे चिन्ह जगभर पसरले. अल्जीरियाने १९७६ साली जे राजचिन्ह स्वीकारले त्यात तो आहे. विलायतेत आणि अमेरिकेत ज्यांचा ना फातिमेशी संबंध ना मिर्यामशी, अशा तरुण मुली तो घालतात. त्याच्या तळहातावर निळा डोळा बसविण्याची पद्धत तर आता सर्रास झाली आहे. जुना म्हणून विकला जाणारा प्रत्येक खम्सा जुना नसतो, हे वेगळे सांगावयास नको. ओतीव कामात प्रत्येक रवा सारख्या आकाराचा आणि बुडाशी पत्र्यात विरघळल्यासारखा दिसतो. हाताने बसविलेल्या रव्यांत लहानमोठेपणा असतो आणि प्रत्येकाच्या बुडाशी बारीक खाच राहते. जुन्या डागाची कडी आतल्या बाजूने झिजलेली असते, पाठीवर वापराची मऊ झिलई असते, आणि पुष्कळदा एखाद्या बोटाला नंतरचे झाळण लागलेले दिसते. असे झाळण दिसले म्हणून नाक मुरडू नये. कोणीतरी तो डाग मोडीत न काढता दुरुस्त करून घेतला, असा त्याचा अर्थ आहे.

संग्रहालयांतील चिठ्ठ्यांवर शहराचे नाव, अंदाजे काळ आणि देणगीदाराचे नाव असते. घडविणाऱ्याचे नाव क्वचितच आढळते. जुन्या खम्सावर अल्लाचे नाव आहे, शद्दायचे आहे, कधी वधूचेही आहे; सोनाराने आपले नाव घातलेले नाही. आपल्या पूर्वजांनी तरी कोठे घातले? ठुशी, पुतळ्यांची माळ, वज्रटीक यांच्या एकेका घराण्यातील नमुन्याकडे बोट दाखवून हे अमक्याच्या हातचे असे सांगणारी माणसे अद्याप काही घरांत आहेत. त्यांच्याकडून ती नावे लिहून घेण्याचे काम आपल्या मंडळाने हाती घ्यावे, अशी सूचना मी कार्यकारिणीस स्वतंत्र पत्राने केली आहे.

कासाब्लांका शहरात १९९७ साली मोरोक्कन ज्यूंच्या संस्कृतीचे संग्रहालय उघडले. एका ज्यू सोनाराचे दुकान तेथे हत्यारांसह मांडून ठेवले आहे. चालते दुकान पाहावयाचे तर ट्युनिशियाच्या जेर्बा बेटावर जावे लागते. तेथील प्रसिद्ध प्रार्थनामंदिराजवळ २००२ मध्ये स्फोट झाला, २०२३ मध्ये पुन्हा गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली. तरी हूम्त सूक या गावात ज्यू सोनारांच्या काही पेढ्या अद्याप चालू आहेत. लग्नसराईत मुसलमान वधूंची आयाबहिणींसह तेथे वर्दळ असते. शुक्रवारी दिवस कलला की ते सोनार शब्बाथासाठी दुकाने बंद करतात. शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत ती उघडत नाहीत, आणि ज्यांचा डाग अर्धा राहिला असेल ती मंडळी रविवारी येतात.